गाण्यामागचं घरटं

पक्षी बघायला जायचं ते थंडीत, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. ती खोटी नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडचे पाहुणे आलेले असतात, तलावांवर बदकांची गर्दी असते, हवा सुखाची असते. एप्रिल उजाडला की बहुतेकांच्या दुर्बिणी कपाटात जातात. माझं मात्र उलटं आहे. माझं पक्षिवर्ष चैत्रात सुरू होतं आणि मृगाच्या पावसापर्यंत चालतं. कारण सरळ आहे. पाहुणे निघून गेले की घरची माणसं उरतात. आणि घरच्या माणसांचा संसार बघायचा तर तो याच दिवसांत. आपले गाणारे पक्षी जोडी जमवतात, हद्द आखतात, घरटी बांधतात ते बरेचसं या ऐन उन्हाळ्यात.

भर उन्हात हा उद्योग कशासाठी, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. उत्तर पिल्लांच्या भुकेत आहे. मोठे पक्षी फळं, दाणे, मध असं काहीबाही खात असले, तरी बहुतेक गायकपक्ष्यांच्या पिल्लांना पहिले काही दिवस किडे आणि अळ्याच लागतात. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांच्या चोचीत अळीच ठेवते. वळवाच्या सरी आणि मग मोसमी पाऊस आला की हिरवळ फुटते आणि अळ्यांना ऊत येतो. पिल्लं वाढीला लागतील तेव्हा शिधा तयार हवा, म्हणून संसाराची मांडणी आधीपासून करावी लागते. पेरणीआधी शेतकरी नांगरट उरकतो, त्यातलाच हा प्रकार.

आता गाण्याविषयी. मी कवितेच्या गावचा माणूस, आणि आम्हा कवींनी पक्ष्यांच्या बाबतीत बराच गोंधळ घालून ठेवला आहे. आपण 'कोकिळा गाते' म्हणतो आणि मोठ्या गायिकेला 'गानकोकिळा' ही पदवी देतो. प्रत्यक्षात आंब्याच्या गर्द पानांतून 'कुहू' म्हणतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, ठिपकेदार. ती घाईघाईनं 'किक्-किक्-किक्' असं ओरडते. सुगरणीचंही तसंच. शब्द स्त्रीलिंगी, कौतुक बाईच्या हातच्या कलेचं, पण खोपा विणतो तो नर. डॉ. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम करून सुगरणींच्या वस्तीचं बारकाईनं निरीक्षण केलं. नर खोपा अर्धा विणून थांबतो, माद्या येऊन पाहणी करतात, एखादीनं पसंत केला तरच तो पुरा होतो, आणि मग हा गृहस्थ दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो, हे त्यांनी तिथं टिपलं.

तिसरा गोंधळ बुलबुलाचा, आणि तो माझ्या फार जवळचा आहे. उर्दू गझलेत तीन शब्द वारंवार भेटतात: बुलबुल, आशियाना म्हणजे घरटं, आणि सय्याद म्हणजे शिकारी. या शायरीतला बुलबुल फारसीतून आला. तो म्हणजे नाइटिंगेल, एक साधासा तपकिरी पक्षी. तो महाराष्ट्राचा रहिवासी नाही. आपल्या कुंपणावरचा काळ्या डोक्याचा, शेपटीखाली लाल डाग असलेला लालबुड्या बुलबुल निराळ्याच कुळातला आहे. नावापुरतं नातं. पण त्या तीन शब्दांपैकी उरलेले दोन, आशियाना आणि सय्याद, आपल्या विषयाला अगदी लागू आहेत. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

शास्त्राची वही उघडली तर आणखी एक गंमत दिसते. त्या वहीत कोकीळ हा गायकपक्षी नाही आणि कावळा मात्र आहे! पक्ष्यांचं स्वरयंत्र आपल्यासारखं गळ्यात वरच्या बाजूला नसतं. श्वासनलिका जिथं दुभंगून दोन्ही फुप्फुसांकडे जाते, त्या फाट्याशी ते असतं. ज्यांच्यात त्याच्या स्नायूंची खास गुंतागुंतीची रचना असते, ते गायकपक्षी. कावळा त्यांत बसतो. आवाज गोड की कर्कश, याचा तिथं संबंध नाही.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. गायकपक्ष्याला गाणं शिकावं लागतं. इंग्लंडमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्लं मोठ्यांच्या आवाजापासून दूर वाढवली. ती गायली, पण गाणं बेढब निघालं. लहानपणी जाणत्यांचं गाणं कानावर पडावं लागतं, मग स्वतः चुकतमाकत घोटावं लागतं, तेव्हा ते बसतं. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात, कावळ्याच्या हातचं खाऊन वाढतं आणि तरी 'कुहू'च म्हणतं; त्याला तालमीची गरज नाही. गायकपक्ष्याच्या पिल्लाला मात्र आहे. आपण संगीतात घराणं म्हणतो, ते यांच्यात घरट्याच्या आसपासच घडतं. एखादं घरटं मोडतं तेव्हा तीन-चार पिल्लं जातात, हे दिसतं. पुढच्या पिढीकडे जाणारं गाणंही त्याबरोबर तुटतं, हे दिसत नाही.

मग पक्षी गातात तरी का? आनंदानं गातात, असं आपण समजतो. त्यांना आनंद होत नसेल असं मी म्हणणार नाही, पण विणीच्या काळातल्या गाण्याला दोन रोखठोक अर्थ आहेत. इतर नरांसाठी: 'ही जागा माझी आहे, पुढं यायचं काम नाही.' मादीसाठी: 'जागा चांगली आहे, मी धडधाकट आहे, ये.' म्हणजे एकाच चिजेत सातबाराचा उतारा आणि लग्नाची मागणी. हे कळल्यावर गाण्यातली कविता कमी होईल अशी भीती मला वाटली होती. तसं झालं नाही. उलट कोण कुणाला काय सांगतो आहे, हे समजायला लागल्यामुळे मी जास्त वेळ ऐकू लागलो.

माझी पहिली फेरी घराजवळचीच असते. पुण्यातल्या आमच्या वस्तीत मार्चअखेरीपासून फजरच्या अजानीच्या सुमारास, झुंजूमुंजू होण्याआधी, पहिला सूर लावतो तो दयाळ. काळा-पांढरा, उभट शेपटीचा. हाच पक्षी थंडीत गप्प-गप्प असतो. कुंपणाखाली किडे टिपत फिरतो आणि लक्षातही येत नाही. चैत्रात तो उंच तारेवर किंवा गच्चीच्या टोकावर बसतो आणि लांबलचक, वळणावळणाची तान घेतो. पहाटेचीच वेळ का? हवा थंड आणि स्थिर असते, रहदारी नसते, आवाज लांब जातो. शिवाय किडे दिसण्याइतका उजेड नसल्यामुळे दुसरं कामही नसतं.

दयाळ कुठून गातो ते दोन-तीन दिवस ओळीनं टिपून ठेवावं. त्याच्या ठरलेल्या तीन-चार जागा असतात. त्या मनातल्या मनात रेघेनं जोडल्या की त्याची हद्द तयार होते. घरटं त्या हद्दीत कुठंतरी, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात, कधी जुन्या पाइपातही असतं. राखाडी छटेची मादी चोचीत काडी-मुळी घेऊन एकाच दिशेला जाताना दिसली की पुरे. त्यापुढं जायचं कारण नाही.

दुसरी फेरी माळाची. सासवड-जेजुरीच्या बाजूला जे उघडे माळ उरले आहेत, तिथं सूर्य वर येण्याआधी पोचावं लागतं. बसायला झाड नाही म्हणून इथले गायक हवेतच मैफल मांडतात. डोंबारी नावाचा चिमणीएवढा पक्षी आहे. नर पंख फडफडवत वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली झेपावतो आणि जमिनीला टेकता टेकता पुन्हा उसळी घेतो. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं दोरावरचा खेळ आणि हा पक्षी, दोन्ही नीट पाहिले असणार. तुरेवाला चंडोल तर इतर पक्ष्यांच्या नकला करण्यातही पटाईत. हा चंडोल कर्नल साइक्स यांच्या नावानं जगभर ओळखला जातो. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांनी नोंदवलेला हा पक्षी आजही आपल्या माळावर गातो आहे.

माळावरचं घरटं म्हणजे ढेकळाच्या किंवा गवताच्या झुबक्याच्या आडोशाला केलेला उथळ खळगा. चंडोल कुळातले पक्षी फार हुशार. चोचीत किडा घेऊन आलेला पक्षी थेट घरट्यावर उतरत नाही. लांब उतरतो आणि गवतातून चालत जातो. इथं दुपारी जमीन तव्यासारखी तापते. अंड्यातल्या जिवाला साधारण सदतीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. त्याहून फार वर गेलं की तो शिजतो. म्हणून उन्हाळ्यात आई-बाप घरट्यावर नुसते ऊब द्यायला बसत नाहीत, सावली धरायला उभे राहतात. अशा वेळी आपण कुतूहलानं जवळ गेलो आणि पक्षी दहा-पंधरा मिनिटं उठून राहिला, तर त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

तिसरी फेरी मेच्या अखेरची, झाडीची. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत या दिवसांत स्वर्गीय नर्तक दिसतो. पांढराशुभ्र नर, मागं फितीसारखी दोन लांब पिसं. एवढा डौल असूनही तो अंडी उबवायला मादीच्या बरोबरीनं बसतो. शेपटी घरट्याबाहेर लोंबत असते. जवळच्याच झुडपात नाचणाचं कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं, पेल्यासारखं इवलं घरटं असतं. कोतवाल उघड्या फांदीच्या बेचक्यात घरटं करतो आणि घारीलाही पिटाळून लावतो. म्हणून हळद्या, बुलबुल, होले असे मवाळ शेजारी त्याच झाडावर बिऱ्हाड करतात. त्याला कोतवाल म्हणतात ते उगीच नव्हे. सातभाईंच्या घरट्यात आपलं अंडं सरकवणारा पावशा 'पेरते व्हा'चा धोशा लावतो. पावसाच्या तोंडावर नवरंग येऊन पोचतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालू लागतो. ताम्हिणी-मुळशीकडे गेलात तर ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर ऐकू येतो. कुणी रिकामटेकडा मुलगा शीळ वाजवत चालला आहे असंच वाटतं.

विणीच्या शोधाला जगभरचे पक्षिनिरीक्षक तीन पायऱ्या मानतात. योग्य मोसमात, योग्य जागी नर गाताना आढळला, तर वीण शक्य आहे. जोडी दिसली, तोच नर त्याच जागी पुन्हा आठवड्यानं गाताना भेटला, तर वीण बहुधा होते आहे. आणि चोचीत अन्न घेऊन पक्षी एकाच झुडपात वारंवार शिरू लागला, किंवा तिथून पांढरी पुडी घेऊन बाहेर पडू लागला, तर वीण निश्चित. ही पुडी म्हणजे पिल्लाची विष्ठा. ती पातळ आवरणात बांधलेली येते; आई-बाप ती उचलून लांब टाकतात, म्हणजे घरटं स्वच्छ राहतं आणि वासावर शत्रू येत नाही. आता गंमत पाहा. या तिन्ही पायऱ्यांत घरट्यात डोकावून बघणं कुठंच येत नाही. सगळा पुरावा लांबून, दुर्बिणीनं, एका जागी बसून मिळतो. बसता आलं पाहिजे, एवढंच.

आपण फार जवळ आलो आहोत हेही पक्षीच सांगतो. तो गाणं थांबवतो, 'चक्-चक्' असा तुटक आवाज काढतो, चोचीतला किडा घेऊन ताटकळत बसतो. पिल्लाच्या तोंडचा घास आपल्यामुळे अडला आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हा मागं फिरावं. कावळे आणि भारद्वाज आपल्यावर नजर ठेवून असतात. माणूस कुठं घुटमळतो हे त्यांना बरोबर कळतं.

गेल्या काही वर्षांत दोन नवे प्रकार आले आहेत. एक, फोटोसाठी घरट्याभोवतीची पानं बाजूला करणं, फांदी बांधून ठेवणं. ती पानं म्हणजे सावलीही असते आणि पडदाही. दुसरा, मोबाइलवर त्याच पक्ष्याचं गाणं वाजवून त्याला समोर आणणं. आपल्याला वाटतं, तो साद देतो आहे. खरं म्हणजे आपल्या हद्दीत परका नर घुसला असं समजून तो भांडायला आलेला असतो. न दिसणाऱ्या शत्रूच्या मागं तो थकतो, आणि तेवढा वेळ घरटं उघडं पडतं.

इथं मला गझलेतला तो सय्याद आठवतो. शायरीत तो जाळं आणि पिंजरा घेऊन येतो. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याची ओळख जास्त रुंद केली आहे. या कायद्यातल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही येतं. म्हणजे हातात बंदूक नसली, नुसता कॅमेरा किंवा करवत असली, तरी माणूस शिकारी ठरू शकतो.

करवत म्हटलं ते मुद्दाम. शहरातल्या घरट्यांवर सर्वांत मोठा घाला फोटोवाल्यांचा नसतो, तो मे महिन्यातल्या छाटणीचा असतो. पावसाळ्यापूर्वीची कामं म्हणून शहरोशहरी आणि सोसायटी-सोसायटीत फांद्या उतरवल्या जातात, कुंपणं भादरली जातात. हेतू चांगला असतो. वादळात फांदी पडून माणूस दगावू नये. पण वेळ नेमकी तीच असते, जेव्हा प्रत्येक दाट फांदीत कुणाचं तरी बिऱ्हाड असतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतलं मेंदीचं कुंपण कापायला माळी आला. थोडं कापून तो थांबला आणि म्हणाला, "साहेब, इथं पाखराचं घर हाय. एवढा तुकडा राहू द्या, पुढल्या महिन्यात येतो." आत बुलबुलाची तीन पिल्लं होती. वाढलेला तो हातभर तुकडा पंधरा-वीस दिवस वेडावाकडा दिसला. काहींनी नाकं मुरडली. जूनमध्ये माळी आला, रिकामं घरटं त्यानं मला दाखवलं आणि कुंपण सरळ केलं.

हिशेब इतका साधा आहे. बुलबुलासारख्या पक्ष्याची अंडी फुटायला दोनएक आठवडे लागतात, पिल्लं उडायला आणखी तेवढेच. म्हणजे एका फांदीला महिन्याभराची मुदत दिली की एक संसार पार पडतो. धोकादायक, वाळलेल्या फांद्या दिवाळीनंतरच्या थंडीत उतरवून घेतल्या, तर मेमधली बरीच छाटणी टळेल. तरीही मेमध्ये कापावंच लागलं, तर आधी अर्धा तास कुणीतरी खाली बसून बघावं: पक्षी चोचीत काही घेऊन आत जातो का? जात असेल तर तेवढी फांदी सोडावी. एवढं बघायला पक्षितज्ज्ञ लागत नाही.

आणखी एक. या दिवसांत पिसं फुटलेली, आखूड शेपटीची पिल्लं जमिनीवर सापडतात. ती अनाथ नसतात. उडायला शिकताना दोन-चार दिवस ती खालीच असतात आणि आई-बाप जवळून भरवत असतात. कुत्र्या-मांजराची भीती असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा गैरसमज आहे. घरी मात्र आणू नये. आपण त्याला भाताची शितं देऊ, गाणं देऊ शकणार नाही.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळचा कल तपासता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्याचं त्यात दिसलं. माळरानांवरच्या पक्ष्यांची अवस्था विशेष बिकट आहे. त्याच अहवालात कोकीळ आणि आपल्या बागेतला राखी वटवट्या वाढल्याचीही नोंद आहे. म्हणजे कोकीळ पुढंही ऐकू येत राहील, आणि उन्हाळ्यात आपली समजूत होईल की सगळं ठीक आहे. म्हणून एकट्या कोकिळेवर विसंबू नका. उद्या पहाटे गच्चीवर जा, पंधरा मिनिटं बसा आणि किती निराळे आवाज येतात ते मोजून कागदावर लिहून ठेवा. नावं ठाऊक नसली तरी चालेल. पुढच्या वैशाखात पुन्हा मोजा.